आठवणींच्या पुस्तकातली प्रतीकं कशी शोधायची: रविवारच्या कट्ट्यावर आम्ही करतो ती पद्धत

परीक्षा जवळ आल्या की रोज एक तरी मेसेज येतो, ताई त्या पर्सेपोलिस पुस्तकातल्या सिम्बॉल्सची लिस्ट आहे का तुमच्याकडे. लिस्ट आहे, पण मी देत नाही, आणि का देत नाही ते आधी सांगते. गंगापूर रोडला आमच्या घरी दर रविवारी वाचनकट्टा भरतो, दहा-बारा जण असतात, एसवाय-टीवायच्या मुली, दोन रिटायर्ड काका, शेजारच्या वहिनी. सुरुवातीला मीच एकदा झेरॉक्स काढून लिस्ट वाटली होती. स्कार्फ म्हणजे दडपशाही, चावी म्हणजे खोटं आश्वासन, फुलं म्हणजे आजी, असं सगळं ओळीने. त्या दिवशी कुणी पुस्तक उघडलंच नाही. सगळ्यांनी कागद वाचला, माना डोलावल्या, आणि बोलण्यासारखं काही उरलंच नाही. तेव्हापासून लिस्ट बंद केली आणि हळूहळू जी पद्धत बसत गेली ती इथे लिहिते आहे, कुणाला अभ्यासाला उपयोगी पडेल, कुणाला नुसतं वाचायला.

उदाहरणाला मर्जान सत्रापीचं पर्सेपोलिस घेते, कारण बऱ्याच जणींना तेच असतं आणि चित्रांतलं असल्यामुळे बोट ठेवून दाखवता येतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्रापी १९६९ ची, तेहरानमध्ये वाढली, नऊ वर्षांची असताना इराणमध्ये इस्लामी क्रांती झाली, चौदाव्या वर्षी आईवडलांनी तिला एकटीला व्हिएन्नाला पाठवलं, चार वर्षांनी ती परत आली आणि १९९४ मध्ये पुन्हा देश सोडून फ्रान्सला गेली. हे सगळं तिने काळ्या-पांढऱ्या चित्रांत सांगितलंय, मूळ फ्रेंचमध्ये, २००० ते २००३ या काळात चार भागांत आलं. २००७ ला त्याचा सिनेमाही झाला, तिने आणि व्हिन्सेंट पारोनोने मिळून केलेला. पण सिनेमा आधी बघू नका, प्लीज. पुस्तकात एका चित्रावर पाहिजे तितका वेळ थांबता येतं, सिनेमात पुढचं येतच राहतं.

पहिलं वाचन पेन्सिल न घेता करायचं. खरंच. ज्या मुली पहिल्याच वाचनात हायलायटर घेऊन बसतात त्यांना प्रत्येक पानावर सिम्बॉल दिसायला लागतो, आणि आईने चहा ओतला तरी त्या समासात काहीतरी लिहून ठेवतात. आधी रडा, हसा, वैतागा, झोपताना वाचा. दोन दिवस जाऊ द्या. मग पुस्तक बंद असतानाच वहीत लिहा की तुम्हाला काय आठवतंय, प्रसंग नको, वस्तू लिहा. न बघता. आमच्या कट्ट्यावर हे केलं की दरवेळी साधारण त्याच वस्तू निघतात, स्कार्फ, चावी, पावाचा हंस, आजीची फुलं, माती भरलेली बरणी, डेनिमचं जॅकेट, आणि कुणीतरी एकजण असं काहीतरी सांगतं जे बाकी कुणालाच आठवत नाही. ते एक जपून ठेवा, पुढे लिहिताना तेच सगळ्यात जास्त कामाला येतं कारण ते कुठल्याच गाईडात नसतं.

वस्तूच का, तर आपल्या नाशिककरांना हे खरं म्हणजे शिकवायला नको. आपण ज्या गावात राहतो त्या गावाची ओळखच वनवासाची आहे. पंचवटी, तपोवन, सीतागुंफा, सगळं घर सोडावं लागलेल्या माणसांच्या गोष्टीतलं. आणि त्या गोष्टीत भरत काय घेऊन परत जातो? पादुका. रोज पायात असायच्या तेव्हा त्यांना काही अर्थ नव्हता, माणूस दूर राहिला आणि पादुका सिंहासनावर गेल्या, मग चौदा वर्षं त्याच राज्य करतात. देश सोडावा लागलेल्या कुठल्याही माणसाच्या आठवणी वाचताना मी हीच खूण धरते, साधी वापरातली वस्तू, आणि तिच्यापासून तुटलेला माणूस. लेखकाने प्रतीक म्हणून मुद्दाम आणून ठेवलेली वस्तू शोधायची नाही. आधी कामाची असलेली आणि मग कुणीतरी गेल्यामुळे जड झालेली वस्तू शोधायची.

आता दुसरं वाचन, इथे पेन्सिल घ्या. वहीचं पान आडवं करून चार रकाने आखा. वस्तू कोणती, पहिल्यांदा कुणाच्या हातात दिसली, शेवटी कुणाच्या हातात, आणि मधे काय काय झालं. अर्थ काय हा रकाना नाहीच. तो मोह टाळा, अर्थ शेवटी आपोआप येतो.

स्कार्फपासून सुरू करू कारण पुस्तकच तिथून सुरू होतं. पहिल्या प्रकरणाचं इंग्रजी नाव द व्हेल (veil, म्हणजे पडदा, बुरखा) आहे पण मूळ फ्रेंचमध्ये ते ल फुलार आहे, म्हणजे साधा डोक्याला बांधायचा रुमाल, आपण स्कार्फ म्हणतो तो. हा फरक लक्षात ठेवा. इंग्रजी शब्दाने आपल्याला लगेच गंभीर व्हायला होतं, फ्रेंच शब्द रोजच्या वापरातला आहे. १९८० साल, शाळेत स्कार्फ सक्तीचा झाला, पहिल्याच पानावर वर्गाचा फोटो आहे आणि ती म्हणते मी अगदी डावीकडे आहे म्हणून तुम्हाला दिसत नाही. चौकटीने तिला कापलंय. म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीलाच जी सांगतेय तीच फोटोतून बाहेर आहे. यावर आमच्या एका काकांनी विचारलं होतं की मग हद्दपारी इथेच सुरू झाली म्हणायची का, विमानात बसायच्या चार वर्षं आधी. मला अजून तो प्रश्न सोडवत नाही.

पण लगेच त्याच पानावर खाली काय आहे ते बघा. शाळेच्या मैदानात पोरी त्याच स्कार्फची दोरी करून उड्या मारतायत, एक घोडा-घोडा खेळतेय, एक भूत झालीय. लहान मुलांना कापड म्हणजे कापड. रकान्यात हे दोन्ही लिहा, सक्ती पण आणि खेळ पण. आता कॉलेज रोडला जाऊन उभं राहा, एप्रिलच्या दुपारी स्कूटीवरच्या सगळ्या पोरी डोळे सोडून पूर्ण तोंड स्कार्फने बांधलेल्या असतात, ऊन आणि धूळ म्हणून, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही कारण गाठ त्यांनी स्वतः मारलेली असते. कापड तेच असतं. गाठ कुणाच्या सांगण्यावरून मारली हा प्रश्न विचारला की पुस्तकातला स्कार्फ कळायला लागतो. आणि पुढे जा, व्हिएन्नामध्ये तिच्या डोक्यावर काहीच नाही, केस पाहिजे तसे कापलेले, पण एका पार्टीत कुणी विचारलं तर ती सांगते मी फ्रेंच आहे. म्हणजे डोकं उघडं आणि देश झाकलेला. मग नंतर कॅफेत शेजारच्या टेबलावरच्या मुली तिच्याबद्दल वाईट बोलताना ऐकते आणि ओरडून सांगते की मी इराणी आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. जर तुम्ही पहिल्या दिवशीच लिहून टाकलं असतं की स्कार्फ म्हणजे गुलामी तर हे व्हिएन्नाचं प्रकरण तुमच्या उत्तरात कुठे बसवलं असतं?

चावी थोडक्यात सांगते पण हे पान नक्की उघडा. इराण-इराक युद्ध सप्टेंबर १९८० ला सुरू झालं आणि १९८८ पर्यंत चाललं. घरकाम करणाऱ्या बाईंच्या चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत सोनेरी रंग दिलेली प्लास्टिकची चावी मिळते, युद्धात गेलास तर याच चावीने स्वर्ग उघडेल असं सांगून. प्रकरणाच्या शेवटच्या पानावर वर मोठं चित्र आहे, भूसुरुंगात उडालेली मुलं, नुसत्या काळ्या आकृत्या, गळ्यात चाव्या. आणि त्याच्या खाली मर्जीची, म्हणजे पुस्तकातल्या लहान सत्रापीची, पहिली पार्टी, मुलं नाचताना हवेत उडालेली, तिच्या अंगात आईने विणलेला भोकाभोकांचा स्वेटर आणि गळ्यात साखळ्या-खिळ्यांची माळ, पंक फॅशन म्हणून. दोन्ही चित्रांत शरीरं जवळजवळ तशीच. गळ्यात काय आहे एवढाच फरक, आणि कुठल्या घरात जन्मलात हा. इथे मी मुलींना फक्त एवढंच सांगते की दोन चित्रं एकाखाली एक का ठेवलीत ते विचारा. चित्रांच्या पुस्तकात पानाची मांडणी ही पण एक वस्तूच आहे, गद्य पुस्तक असेल तर एका परिच्छेदाला लागून दुसरा कुठला आलाय ते बघायचं.

माझा सगळ्यात जीव आहे तो हंसावर. मर्जीचा अनूश काका शाहच्या, म्हणजे इराणच्या राजाच्या, काळात नऊ वर्षं तुरुंगात होता, त्याच्या आधी रशियात पळून गेला होता, तिथे लग्न, दोन मुली, मग संसार मोडला, घरची ओढ लागली म्हणून परत आला आणि पकडला गेला. सुटून आल्यावर तो मर्जीला तुरुंगात पावापासून केलेला हंस देतो. क्रांतीनंतर नव्या सरकारने त्याला परत पकडलं. शेवटची भेट एकाच माणसाला मिळणार होती आणि त्याने लहान मर्जीला बोलावलं. तेव्हा अजून एक हंस देतो आणि म्हणतो हा पहिल्या हंसाचा काका. नंतर पेपरात बातमी येते, रशियन हेराला देहदंड. आता चार रकाने भरा. वस्तू तीच, देणारा तोच, घेणारी तीच, मधे एक अख्खी राजवट बदलली आणि तुरुंग मात्र तसाच राहिला. हे वाक्य पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, दोन हंस शेजारी ठेवले की ते दिसतं. आणि खायचा पाव आहे तो, तुरुंगात मोजून मिळणारा, त्यातून न खाता पक्षी केला, हेही विसरू नका. आमच्या वहिनी म्हणाल्या भाकरीचा पक्षी करायला भूक मारावी लागते. मी ते वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

अजून एक, अनूशच्या गोष्टीमुळे हे पण कळतं की या घरात देश सोडण्याची पहिली गोष्ट मर्जीची नाहीच. तिच्या आधी काका गेला, परत आला आणि परत येण्यानेच मेला. म्हणून पुढे आईवडील तिला पाठवतात तेव्हा त्या घराला माहीत आहे की जाणं म्हणजे काय आणि परत येणं म्हणजे काय. एखाद्या आठवणींच्या पुस्तकात थीम शोधायची असेल तर ही युक्ती फार चालते, मुख्य माणसाच्या आधी त्या घरात हेच कुणासोबत घडलंय का ते बघा.

आता तारखांचं. हे काम कंटाळवाणं आहे पण त्याशिवाय निम्मं पुस्तक निसटतं. एका बाजूला घरातलं आणि दुसऱ्या बाजूला देशातलं असा एक कागद करा. जानेवारी १९७९ शाह देश सोडून गेला, १ फेब्रुवारीला क्रांतीचे नेते, धर्मगुरू खोमेनी परत आले, ४ नोव्हेंबरला अमेरिकेची वकिलात ताब्यात घेतली, १९८० शाळेत स्कार्फ, विद्यापीठं बंद, सप्टेंबरला युद्ध. आणि घरच्या बाजूला त्या त्या वेळी मर्जी किती वर्षांची. एवढं केलं की कळतं नऊ-दहा वर्षांच्या पोरीने पावणेदोन वर्षांत काय काय बघितलं. नावाचाही विचार इथेच करून टाका. पर्सेपोलिस हे जुन्या पर्शियाच्या राजधानीचं ग्रीक नाव, स्वतः इराणी लोक त्याला तख्त-ए-जमशीद म्हणतात. ते शहर अलेक्झांडरने ख्रिस्तपूर्व ३३० मध्ये जाळलं, आणि १९७१ ला शाहने तिथेच राजेशाहीच्या अडीच हजार वर्षांचा प्रचंड सोहळा केला. एका मुलीच्या बालपणाला जळलेल्या राजधानीचं नाव दिलंय, तेही परक्यांनी दिलेलं नाव. यावर एक पूर्ण परिच्छेद होतो, आणि कुणी लिहीत नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मी कोण इथे. आठवणींच्या पुस्तकात दोन मी असतात. एक चित्रातली दहा वर्षांची मर्जी, फुग्यात बोलणारी, जिला वाटतं आपण मोठेपणी प्रेषित होणार आणि देव रात्री आपल्याशी गप्पा मारायला येतो, आणि तो देव दिसायला कार्ल मार्क्ससारखाच आहे. दुसरी चौकटीच्या वर लिहिणारी, तीस वर्षांची बाई, पॅरिसमध्ये बसलेली, जिला पुढचं सगळं माहीत आहे. पोरीला काय माहीत होतं आणि बाईला काय माहीत आहे या दोन गोष्टी वेगळ्या रंगाने लिहा. काका मेल्यावर मर्जी देवाला हाकलून देते आणि स्वतः अंतराळात तरंगतेय असं चित्र आहे, तिथे दोन्ही आवाज जवळजवळ एक होतात, मला तरी असं वाटतं. उत्तरात लेखिका म्हणते असं लिहिण्याआधी थांबून बघा नक्की कोण म्हणतेय.

आता वस्तूंवरून थीमकडे कसं जायचं. एका शब्दाची थीम नसते. निर्वासन हा विषय झाला, स्वातंत्र्य हा विषय झाला, थीम म्हणजे पूर्ण वाक्य, क्रियापदासकट, ज्याच्यावर कुणी नाही म्हणू शकेल असं. मी मुलींना सांगते आईला स्वयंपाकघरात जाऊन ते वाक्य म्हणून दाखवा, ती बरं म्हणून भाजी चिरत राहिली तर वाक्य ढिलं आहे, तिने वळून काय गं म्हटलं तर जमलं. उदाहरण देते. आजी रोज सकाळी जाईची फुलं वेचून चोळीत ठेवते म्हणून तिच्या अंगाला त्यांचा वास येतो. देश सोडायच्या आदल्या रात्री मर्जी तिच्या कुशीत झोपते तेव्हा तो वास, आणि आजी सांगते की तुला वाईट वागणारी माणसं खूप भेटतील, पण आपली इभ्रत सोडू नको, स्वतःशी खरी राहा. पुढे तेहरानला परत आल्यावर लिपस्टिक लावलेली असताना क्रांतीचे रक्षक, म्हणजे बायकांच्या कपड्या-मेकअपवर नजर ठेवणारे, दिसले म्हणून मर्जी एका निरपराध माणसावर आळ घेते, स्वतः सुटते, आणि हसत हसत आजीला सांगते. आजी भडकते. स्वतःच्या नवऱ्याची, म्हणजे मर्जीच्या आजोबांची, आठवण करून देते, अनूशची करून देते. आता वाक्य करा. मी केलेलं असं, या पोरीला देश सोडावा लागला त्याहून जास्त भीती आजीच्या नजरेतून उतरण्याची आहे. बरोबरच आहे असं नाही. कट्ट्यावर दोघींनी कडाडून विरोध केला, एकीचं म्हणणं होतं की व्हिएन्नाच्या रस्त्यावर थंडीत झोपलेल्या मुलीला आजीची नजर कुठून आठवणार. पण वादाला उभं राहील असं वाक्य आहे, आणि फुलांपासून निघालंय.

लिहिताना फार नियम नकोत. एका उत्तरात दोनच वस्तू घ्या, तीन घेतल्या की यादी होते. प्रत्येक वस्तूची निदान दोन ठिकाणं दाखवा, पहिली आणि बदललेली. एका प्रसंगावरून प्रतीक सिद्ध होत नाही. काळा-पांढरा रंग म्हणजे चांगलं-वाईट असं कृपा करून लिहू नका, या पुस्तकात सगळ्यात मऊ प्रसंगही काळ्याच रंगात आहेत. आणि इराण असाच, मुसलमान असेच, अशी वाक्यं आली तर ती खोडा. सत्रापीने हे पुस्तक अशाच वाक्यांच्या विरोधात लिहिलंय, प्रस्तावनेत ती साफ सांगते की थोड्या अतिरेक्यांवरून अख्ख्या देशाला तोलू नका.

ज्यांना परीक्षा नाही, नुसता कट्टा करायचाय, त्यांनी अजून एक करा. चर्चेच्या दिवशी प्रत्येकाला घरातली एक वस्तू आणायला सांगा, जी दुसऱ्या गावाहून आलीये. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा एक काका कापडी पिशवीतून जात्याचा खुंटा घेऊन आले. नुसता लाकडी खुंटा, हातांनी घासून गुळगुळीत झालेला. त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा ते सात-आठ वर्षांचे, बैलगाडीत जागा नव्हती आणि जातं जड म्हणून आईने खुंटा उपसला आणि लुगड्यात गुंडाळून घेतला. नवीन घरी दुसरं जातं आलं पण त्यात हा खुंटा बसेना, भोक लहान होतं. आई तो देवघराच्या फळीवर ठेवायची. काकांनी हे सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाले, त्या पोरीने बरणीत बागेतली माती भरून घेतली ना, ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुढे गेलो होतो. त्यांनी त्या दिवशी ते पान पुन्हा काढून सगळ्यांना वाचून दाखवलं. कुणीही माती म्हणजे मायभूमी वगैरे बोललं नाही. गरज नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही शेवटचं पान घेतोय. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये मर्जी विमानतळावर निघते, आजी निरोप द्यायला आलेली आहे, आणि वरची चौकट सांगते की त्यानंतर आजीची भेट एकदाच झाली, १९९५ च्या मार्चमध्ये इराणी नव्या वर्षाला, आणि जानेवारी १९९६ ला ती गेली. येताना एवढं करून या. इंग्रजीतल्या पहिल्या भागाचं (मूळ फ्रेंचमधल्या दुसऱ्या भागाचं) शेवटचं पान आणि हे पान शेजारी ठेवा, दोन्हीकडे विमानतळ आहे. पहिल्या वेळी मर्जी वळून बघते तेव्हा आई बेशुद्ध पडलीय आणि बाबांनी तिला उचललंय. दुसऱ्या वेळी कोण कुणाकडे बघतंय, कोण रडतंय, कोण नाही, हे फक्त बघून चार ओळी लिहा. आणि मातीची ती बरणी पुढे पुन्हा कुठे येते का तेही शोधा. नाही सापडली तर तेही रकान्यात लिहा. सकाळी दहा वाजता, चहा आहे, वही आपापली आणा.